बातमी आमच्याकडे अर्ज होऊन येते

अधिवेशनात काय झालं हे कळायला मला टीव्ही लावावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी शटर वर करताना बाहेर थांबलेल्या माणसांच्या हातात कोणते कागद आहेत, तेवढं बघितलं की पुरतं. रेशन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला असेल तर नवी योजना आली. सातबारा आणि पासबुक असेल तर अनुदानाचं काहीतरी हललं. आणि पणजोबाच्या नावाचा चुरगळलेला कागद असेल तर रात्री मुंबईत शासन निर्णय निघाला, हे नक्की. पेपर आमच्याकडे नऊला पडतो. माणसं त्याच्या आधी येतात.

बीड जिल्ह्यात गोदावरीला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. पाटीवरचं नाव बदलत गेलं. आधी नुसतं ‘सेतू’, मग ‘महा ई-सेवा’, आता ‘आपले सरकार’. लोक अजून सेतूच म्हणतात. मी डी.एड. झालेला माणूस. आमच्याकडे एक काळ असा होता की ज्याला त्याला डी.एड. करायचं होतं. पुढे भरती थांबली आणि त्या सगळ्या होऊ घातलेल्या गुरुजींनी शिकवणी, मोबाइल दुरुस्ती, पोल्ट्री, विमा असं ज्याला जे सापडलं ते धरलं. मी दोन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन धरलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बायको बसते. माझ्यापेक्षा तिचा हात जलद चालतो, तोंडही.

आमच्या वर्षाचं एक ठरलेलं चक्र आहे. जूनमध्ये उत्पन्नाचे दाखले आणि नॉन-क्रीमीलेअर, जुलैत पीक विमा, ऑगस्टपासून ई-पीक पाहणी, दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला निघालेल्यांची घाई. त्याच्या अधेमधे बातम्या घुसतात. शहरातल्या माझ्या मित्रांना बातमी मत द्यायला मिळते. आमच्याकडे ती अर्ज होऊन येते, सोबत तीन झेरॉक्स.

२८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना १,५०० रुपये. तोपर्यंत मी गर्दी बघितली होती, पण ती गर्दी निराळी होती, कारण तिच्यात पुरुष जवळजवळ नव्हतेच. ज्या बायांनी आयुष्यात तहसीलची पायरी चढली नव्हती, त्या पिशवीत सगळ्या घराचे कागद घालून आल्या होत्या. आणि नियम रोज बदलत होते. वयाची मर्यादा आधी ६० होती, ती ६५ झाली. पाच एकरांची अट होती, ती गेली. १५ जुलै ही शेवटची तारीख होती, ती ३१ ऑगस्टवर गेली. पहिल्या तीन-चार दिवसांत ज्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी शोधला, रोजगार बुडवला, रिक्षाला पैसे घातले, त्यांचे दाखले पिवळ्या-केशरी रेशन कार्डाच्या सवलतीने एका रात्रीत बिनकामाचे केले. वेळेवर धावणारा माणूस आपल्याकडे नेहमी खर्चात जातो. ‘थांबू जरा, बदलतंय अजून’ म्हणणारे शहाणे ठरतात. हे मी योजनेला नावं ठेवायला लिहीत नाही. त्या ऑगस्टात दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यात आल्यावर बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक भरून मागितलं, ते मी बघितलंय. एकीने तर नुसतं ते पान उघडून शेजारणीला दाखवलं आणि परत पिशवीत ठेवलं.

पण खरा खेळ सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. बाईचा आधार, तिच्या मोबाइलवर ओटीपी. मग नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. मग दोन घोषणा. त्यातल्या पहिलीचं वाक्य नकारार्थी होतं: कुटुंबातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, निवृत्तिवेतन घेत नाही. त्याखाली निवडायचं, होय की नाही. आता आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा, “घरात कुणी सरकारी नोकरीला नाही ना?” ती म्हणणार, “नाही.” आणि ‘नाही’ दाबलं की अर्थ उलटा! घरच्या घरी पोरांकडून केवायसी करून घेतलेल्या कितीतरी बाया अशा एका दाबात सरकारी नोकरदाराच्या घरच्या झाल्या. पुढे अंगणवाडी सेविकांना घरोघरी पडताळणीला पाठवायची वेळ आली. ते वाक्य ज्याने कुणी लिहिलं, त्याला एक दुपार माझ्या बाकावर आणून बसवायला पाहिजे होतं.

त्या दिवसांत एक बाई आली. चाळिशीची असेल. माहेरी राहते, भावाच्या रानात पत्र्याची खोली आहे. नवऱ्याने पुण्याकडे दुसरं बिऱ्हाड केलेलं, वडील वारलेले. योजनेच्या नियमात परित्यक्ता बसत होती, पण वेबसाइटवर तेव्हा खाने दोनच होते: पती किंवा वडील. मी म्हणालो, “अक्का, थोडं थांबा, काहीतरी सोय काढतील.” (काढली पुढे.) ती थांबायला तयार नव्हती. तारीख तोंडावर आली होती आणि मुदत वाढेल याच्यावर तिचा भरवसा नव्हता. नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स जुन्या रेशन कार्डासोबत तिने जपून ठेवलेली होती. नंबर भावाकडून मिळवला आणि दुकानातूनच लावला. स्पीकरवर, कारण आकडे ऐकून मला टाकायचे होते.

“मी बोलायलेय.”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, “काय काम होतं?”

“तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतेत आत्ता. ते सांग.”

“कशाचे?”

“सरकारचे.”

“पैसे कुणाच्या खात्यात यायलेत?”

“तुझ्या कपाळात. आकडे सांग.”

बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्याने चार आकडे सांगितले आणि थांबला. तिने दरडावल्यावर उरलेले दोन सांगितले. तिने फोन कट केला, माझ्याकडे बघून म्हणाली, “झालं का?” झालं होतं. पावतीची प्रिंट काढून दिली, ती चार घड्या करून बटव्यात गेली.

मला राहून राहून वाटतं ते असं, की त्या बाईने नवऱ्याशिवाय संसार उभा केला, तिचं नाव यादीत तिच्या स्वतःच्या हक्काने लागलं, आणि सहा आकड्यांपुरता तो पुन्हा तिचा मालक झाला. कुणी मुद्दाम केलं असं नाही. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं म्हणून नवऱ्याचा आधार मागितला, त्यामागचा विचार कागदावर बरोबरच आहे. कागदावर बरोबर असलेल्या गोष्टींचाच त्रास जास्त होतो, कारण त्याची तक्रार कुठे करता येत नाही.

दुसरं दुखणं मोबाइल नंबरचं. सगळा कारभार नंबरावर आलाय आणि नंबर रिचार्जवर जगतो. रिचार्ज संपला की आधी जाणारे फोन बंद, मग येणारे बंद, आणि बरेच दिवस तसाच राहिला की कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. आमच्या भागातून उचल घेऊन हजारो जोडपी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. चार-पाच महिने फडावर. नवरा-बायकोत एक मोबाइल चालू ठेवतात, दुसऱ्याचं कार्ड मरतं. उन्हाळ्यात गावी येऊन पीएम किसानची चौकशी करायला आले की कळतं, यांचा ओटीपी कोल्हापूर-सोलापूरकडच्या कुण्या भलत्याच माणसाला जायलाय. मग नवीन नंबर आधारला जोडा. त्यासाठी अंगठा लागतो. आणि अंगठा लागत नाही.

अंगठा लागत नाही म्हणजे काय, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काडेपेटीहून थोडं मोठं मशीन असतं, वर काच, काचेखाली लाल उजेड. माणूस बोट ठेवतो. स्क्रीनवर करड्या रंगाचा एक ठसा उमटतो. शिकलेल्या पोराचा ठसा असेल तर वळणं मोजता येतील इतका स्वच्छ. ऊसतोड मजुराचा ठसा म्हणजे नुसता पांढुरका डाग, त्याच्यावर आडव्या रेघा. त्या रेघा बोटाच्या नाहीत, पाचटाने आणि कोयत्याने चिरल्याच्या आहेत. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. मग आमचे उपाय सुरू होतात. ओल्या फडक्याने बोट पूस. जमलं नाही तर केसांवरून फिरव, तेल लागलं की ठसा उठतो. तेही नाही तर करंगळी लाव; करंगळी कोयत्याच्या कामातून जरा वाचलेली असते. एक म्हातारा प्रत्येक वेळी बोट उचलून त्याच्याकडे बघायचा, जसं काही तेच ऐकत नाही. आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आलीय. चेहऱ्यासमोर मोबाइल धरायचा आणि डोळे मिचकवायला सांगायचं. म्हाताऱ्या बायांना मी दुकानात बसून डोळे मिचकवायला सांगतो. यावर आमच्या घरात काय काय विनोद होतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. म्हणजे या सगळ्याला दीड दशक होऊन गेलं. एवढ्या काळात बोटाला पर्याय सापडला, पण रिचार्जला नाही.

गंमत अशी की हेच लोक मोबाइलला बिचकतात असं बिलकुल नाही. ओटीपी कुठे दिसतो हे न सापडणारी मावशी रील मात्र वर-वर सरकवत बसते, भजनाचं, भांडणाचं, नेत्याच्या गाड्यांच्या ताफ्याचं. रील तिला काही विचारत नाही. नाव इंग्रजीत कसं लिहिता, जन्मतारीख दाखल्यात एक आणि आधारवर एक का, असं काहीच नाही. सरकारी वेबसाइट उघडली की पहिला प्रश्न हाच, की तुम्ही तुम्हीच कशावरून. या दोघांच्या मधल्या जागेत चोर बरोबर शिरले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल येते, लोक विश्वासाने दाबतात, आणि पुढे तोच मेसेज त्यांच्याच नावाने सगळ्या ग्रुपवर जातो. बँकेतून पैसे गेलेला माणूस सगळ्यात आधी आमच्याकडे येतो. मी त्याला १९३० वर फोन लावून देतो, दुसरं काय करणार.

आणि स्टेटस. आमच्या जिल्ह्यात माणूस कोण आहे हे त्याच्या स्टेटसवरून कळायला लागलं, त्याला दोन-तीन वर्षं झाली. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हापासून हे चढत गेलं. २०२४ ची लोकसभा, मग डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या. पुढचे काही महिने टीव्ही लावला की आमचा जिल्हा. कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा, कोणाच्या नाही, असे मेसेज फिरले. बीडच्या पोलिसांनी तर टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवली, एवढी वेळ आली. मला ते पटलं. पण माझ्या स्क्रीनवर आडनावाच्या खान्याला लाल चांदणी असते. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि पुढच्या पानावर जातीचा प्रवर्ग असतो.

रात्री एकमेकांच्या जातीबद्दल वाट्टेल ते फॉरवर्ड करणारी माणसं सकाळी माझ्या बाकावर शेजारी-शेजारी बसतात. बाहेरगावच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो गहिवरला. म्हणाला, बघ, शेवटी माणुसकी. मी म्हणालो, तसलं काही नाही. त्यांनी एकमेकांचे स्टेटस बघितलेले असतात, बघितल्याचं समोरच्याला दिसलेलं असतं, आणि दोघांनाही ओटीपी यायचा असतो. सर्व्हर सुरू झाला की भांडणाला वेळ मिळत नाही, बंद असला की दोघं मिळून सर्व्हरला शिव्या देतात. एवढंच आहे ते. पण एवढंच असणंही मी कमी समजत नाही, कारण इतर ठिकाणी तेवढंही राहिलेलं नाही.

कुणबी नोंदींचं काम सुरू झालं तेव्हा माझ्याकडे दोन्ही बाजूंची माणसं येत होती. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या शिंदे समितीने जुनी दप्तरं तपासायला घेतली, सापडलेल्या पानांचे स्कॅन वेबसाइटवर चढले. मोडीतली पानं, उर्दूतली पानं, कडा वाळवीने खाल्लेल्या. लोक मोबाइलवर दोन बोटांनी ती मोठी करून माझ्यापुढे धरत, “बघा बरं, हे आमच्या खापरपणजोबाचं नाव हाय का?” मला मोडी येत नाही. येणारी माणसं तालुक्यात शोधून सापडत नव्हती. दुसरीकडे ज्यांना आधीपासून आरक्षण आहे ती पोरं जात वैधतेचे कागद पुन्हा पुन्हा तपासून घेत होती, आपल्या वाट्याला काय राहणार या काळजीने. दोघांच्याही फायलीत तेच कागद, तोच पिवळा लखोटा. हैदराबाद गॅझेटच्या आधाराने कुणबी दाखले द्यायचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकाने सरळ मागितलं, “एक हैदराबाद गॅझेट द्या.” त्यात माणसांची नावं नसतात हो, जातवार आकडे असतात, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मी पुढच्यांना सांगायचं बायकोवर सोपवलं. निजामाच्या राज्यातून आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो खरे, पण आपली सगळी मूळ कागदपत्रं त्याच्याच दप्तरात राहिली, हे मराठवाड्याला दर काही वर्षांनी नव्याने कळतं.

पीक विम्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि त्यात आमच्या धंद्याची अब्रू आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, अर्जामागे ४० रुपये केंद्रचालकाला विमा कंपनीकडून. अर्ज जितके जास्त तितके पैसे जास्त. मग ज्याची जमीन नाही त्याचा विमा, सरकारी गायरानावर विमा, अकृषक प्लॉटवर विमा. बीडचं नाव त्यात वर आलं, गुन्हे दाखल झाले, माझ्या व्यवसायातली माणसं त्यात अडकली. काहींनी खरंच लुटलं. पण एक रुपयाच्या हिशेबात फुकटचा मोह कुणाला किती सुटला, हे विचारायची कुणाची तयारी नाही, कारण मग यादी फार लांब जाते. त्याच केंद्रांवर शेतकऱ्याकडून वरून शंभर-शंभर घेणारेही होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात दया नाही.

२०२५ च्या खरिपात एक रुपया बंद झाला. त्या हंगामापासून खरिपाच्या धान्याला, तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. शेतात पाणी साचलं, ७२ तासांत कळवा, ते सगळं गेलं. माझ्याकडे विमा भरायला येणारे निम्म्याहून कमी झाले. आणि नेमका त्याच सप्टेंबरात पाऊस थांबेना. सिंदफणा फुगली, जायकवाडीचं पाणी सुटलं, राक्षसभुवनपासून खाली गोदाकाठ पाण्यात. कापूस बोंडं फुटायच्या बेतात होता, सोयाबीन काढणीला. जमिनीसुद्धा खरडून गेल्या, खाली मुरूम उघडा पडला.

पाणी ओसरल्यावर एक शेतकरी आला आणि त्याने मला मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पहिला ऑगस्टातला, ई-पीक पाहणीच्या ॲपमधून काढलेला: गुडघ्याएवढा हिरवा कापूस, मागे लिंबाचं झाड. दुसरा त्याच बांधावरून काढलेला: तपकिरी पाणी आणि त्याच झाडाचा वरचा निम्मा भाग. “यातला कोणता चालतोय?” त्याने विचारलं. मी म्हणालो, मामा, मदतीसाठी पंचनामा चालतोय. विमा भरला असता तरी तुमचं रान बघून नाही, मंडळातल्या ठरावीक रानातलं पीक कापून, तोलून हिशेब होतो. त्याने मोबाइल खिशात ठेवला. “मग हे फोटो काढायला आम्हाला कशाला लावतेत?” माझ्याकडे उत्तर होतं, ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर पीक चढवायला असते वगैरे. मी दिलं नाही. त्याने ते विचारलंच नव्हतं.

७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. हा आकडा खरा की जुन्या योजना मिळवून फुगवलेला, यावर मोबाइलवर जोरात भांडण झालं. मी स्वतः रात्री जागून ते वाचत बसायचो. मला वाचायचं व्यसन आहे. दिवसभर स्क्रीन, रात्री पुन्हा स्क्रीन, बायको म्हणते तुम्हाला डोळे दुसऱ्याचे आहेत का. सरकारच्या बाजूचे, विरोधातले, दोघांचेही आकडे मला पाठ झाले होते. सकाळी दुकान उघडलं की त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नसायचं. तिथे प्रश्न वेगळा: यादीत नाव हाय का, आणि व्हीके नंबर काय. मदतीच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन केंद्रावर यायचं, अंगठा लावायचा, मग पैसे. फार्मर आयडी काढलेल्यांना ही कटकट नव्हती, त्यांचं परस्पर झालं. ज्यांच्या जमिनीवर अजून आजोबाचंच नाव आहे, वाटण्या तोंडी झाल्यात, भाऊ-भाऊ बोलत नाहीत, त्यांची फार्मर आयडी कशी निघणार? कोटींचा आकडा मुंबईत ठरतो. आमच्याकडे तो वारसाची नोंद आणि चुलत्याची सही यांच्यात येऊन अडकतो. त्यावर कुणी वाद घालत नाही, कारण त्यात कुणाला हरवता येत नाही.

आता नवीनच एक सुरू झालंय. लोक तक्रारीचे अर्ज एआयकडून लिहून आणतात. परवा एका पोराने वडिलांसाठी अर्ज आणला. दोन पानं. “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की...” अशी भाषा की मी डी.एड.ला निबंधात लिहिली नसती. शेतकऱ्याच्या व्यथा, संविधानाची मूल्यं, नैसर्गिक न्यायाचं तत्त्व, सगळं होतं. गट नंबर नव्हता. गावाचं नावही नव्हतं. मी पेनाने खाली गाव, गट नंबर, क्षेत्र आणि नुकसान एवढं लिहिलं, आणि त्याला म्हणालो, वरचं राहू दे, साहेब वाचणार नाहीत पण शोभून दिसतंय.

शहरातली मंडळी मला सांगतात, आता सगळं घरबसल्या होतं, तुमच्यासारखे मधले लोक जायला पाहिजेत. बरोबर आहे. माझं पोट लोकांच्या अडचणीवर आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. वेबसाइट सरळ चालल्या, वाक्यं नीट लिहिली, तर माझी निम्मी कमाई जाईल. तरी माझं म्हणणं आहे की आठवड्यातून एक दिवस प्रत्येक ग्रामपंचायतीत तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील एका टेबलावर बसावेत. ज्याचा अंगठा लागत नाही, नंबर मेलाय, नवऱ्याचा पत्ता नाही, त्याला त्यांनी ओळखावं आणि लिहून द्यावं की हा माणूस हाच आहे, हयात आहे, याच गावचा आहे. गाव माणसाला ओळखतं. मशीनपेक्षा बरं ओळखतं.

हे मी जेवताना बोललो तर बायकोने ताटातून मान वर केली. “तलाठ्याच्या एका सहीसाठी आबांनी किती हेलपाटे घातले, तुम्हीच सांगता ना? कोंबडं न्यावं लागलं होतं एकदा. आणि गाव ओळखतंय म्हणता. गाव बायकांना कधी ओळखलंय? त्या दिवशी ती बाई आली होती, तिला पोलीस पाटलाने लिहून दिलं असतं का? तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ असला तर?”

मला पटकन काही सुचलं नाही. ऑनलाइन आल्यापासून सातबारा १५ रुपयांत निघतो, कुणाच्या मर्जीवर नाही, हे ती विसरलेली नव्हती. मी म्हणालो, मग दोन्ही ठेवा. ज्याला मशीन जमंल त्याने मशीन, नाही जमंल त्याने सही.

“दोन्ही ठेवा म्हणलं की दोन्ही मागतेत,” ती म्हणाली.

हे मात्र खरं आहे. फार्मर आयडी आल्यावर शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा कागद द्यावे लागणार नाहीत, असं सांगत होते. माझ्याकडे येणारे अजून आयडीसोबत सातबाऱ्याची झेरॉक्स मागतात, एक जास्तीची, लागली तर असावी म्हणून. दोन रुपये पान.